टर्बो बसवण्याआधी

माझ्दा कंपनीने १९८९च्या फेब्रुवारीत शिकागोच्या मोटार प्रदर्शनात एमएक्स-५ ही दोन सीटची, उघड्या टपाची छोटी गाडी मांडली. बॉनेटखाली १.६ लिटरचं चार सिलिंडरचं साधं इंजिन, आणि अमेरिकेतल्या मॉडेलची ताकद ११६ अश्वशक्ती. आज आपल्या रांजणगावात तयार होणारी टर्बो पेट्रोल नेक्सॉनही याहून थोडी जास्तच ताकद देते. तरीही अमेरिकेत ‘मियाटा’ म्हणून ओळखली जाणारी ही गाडी जगातली सर्वाधिक खपाची दोन सीटची स्पोर्ट्स कार ठरली. २०१६मध्ये तिने दहा लाखांचा आकडा गाठला. वजन हजार किलोच्या आत, पुढच्या आणि मागच्या चाकांवर ते जवळपास निम्मं-निम्मं वाटलेलं, आणि स्टिअरिंग असं की रस्त्यावरचा खडाही हाताला कळावा.

गंमत अशी की या गाडीवर जीव टाकणाऱ्यांचीच तिच्याबद्दल एक कायमची तक्रार असते: पिकअप नाही. शून्यापासून शंभर गाठायला साडेआठ-नऊ सेकंद. सिग्नलला शेजारी उभी असलेली कुटुंबाची एसयूव्ही सहज पुढे निघून जाते. मग एखाद्या रविवारी दुपारी कुणीतरी म्हणतंच, टर्बो टाकायचा का?

प्रश्न वेडेपणाचा नाही. या इंजिनाच्या घराण्यात टर्बो आहे. माझ्दाच्याच ३२३ या गाडीच्या जीटीएक्स आवृत्तीत याच घराण्याचं १.६ लिटरचं इंजिन टर्बोसकट यायचं. ओतीव लोखंडाचा ब्लॉक, दणकट क्रँक. त्यामुळे ‘मुळात हे टर्बोचंच इंजिन आहे’ असं छातीठोकपणे सांगणारे खूप भेटतात. यात अर्धंच खरं आहे. जीटीएक्सचं कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टन मिश्रण किती पट दाबतो ते, बरंच कमी होतं; एमएक्स-५चं ९.४ला एक. घराणं तेच असलं तरी दोघांच्या पोटातलं सामान वेगळं आहे, आणि टर्बोचा सगळा खेळ त्या पोटातच चालतो.

टर्बो करतो काय, हे आधी सरळ पाहू. इंजिनातून बाहेर पडणारा धूर आठ-नऊशे अंश सेल्सिअसपर्यंत तापलेला असतो आणि त्याला वेगही असतो. एरवी हे सगळं सायलेन्सरमधून वाया जातं. टर्बोत हा धूर एका पंख्यावर आदळतो, त्याच दांड्यावर पलीकडे दुसरा पंखा असतो, आणि तो ताजी हवा दाबून इंजिनात कोंबतो. ही दांडी मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेते आणि तेलाच्या एका पातळ थरावर तरंगत असते. समुद्रसपाटीला हवेचा दाब चौरस इंचाला सुमारे १४.७ पौंड. टर्बोने वर सात पौंड चढवले (या जादा दाबालाच बूस्ट म्हणतात), म्हणजे कागदावर जवळपास निम्मी हवा जास्त. हवा जास्त तर पेट्रोलही जास्त जाळता येतं, आणि ताकद वाढते. ब्रिटनमध्ये बीबीआर या कंपनीने १९९०च्या सुमारास याच गाडीसाठी टर्बो किट काढलं होतं. माझ्दाच्या तिथल्या शाखेच्या संमतीने विकल्या जाणाऱ्या त्या किटने ताकद १५०च्या घरात जायची.

दाबलेली हवा तापते, ही पहिली अडचण. म्हणून ती थंड करायला पुढे इंटरकूलर बसवावा लागतो. दुसरी अडचण जास्त गंभीर आहे. ठिणगीने पेटलेली ज्योत सिलिंडरभर पोचण्याआधीच कोपऱ्यातलं मिश्रण उष्णतेने आपोआप भडकलं, तर पिस्टनवर हातोडा बसल्यासारखा आघात होतो. यालाच आपले मेकॅनिक नॉकिंग म्हणतात. साध्या गाडीत चढावर टकटक ऐकू आली की आपण गिअर खाली घेतो आणि सुटतो. बूस्टमध्ये तेवढी फुरसत मिळत नाही. पिस्टनवर रिंगांच्या मधली जी धार असते ती तुटते, आणि इंजिन निळा धूर सोडू लागतं.

हा धडा मोटार कंपन्यांनी स्वतःच्या खर्चाने शिकून ठेवलेला आहे. १९६२ साली ओल्ड्समोबिलने जेटफायर ही टर्बो गाडी बाजारात आणली. व्ही-८ इंजिनाचं कॉम्प्रेशन तब्बल १०.२५ला एक होतं आणि ते कमी न करताच वर टर्बो बसवला होता. नॉकिंग टाळायला पाणी आणि मिथेनॉलचं मिश्रण इंजिनात फवारायची सोय केली, त्याला ‘टर्बो रॉकेट फ्लुइड’ असं झोकदार नाव दिलं. टाकी भरायची गाडीवाल्याने. लोक ती भरायचे नाहीत. तक्रारी इतक्या वाढल्या की कंपनीला अनेक गाड्यांचे टर्बो काढून साधे कार्ब्युरेटर बसवून द्यावे लागले. दोन वर्षांत गाडी बंद. साठ वर्षांनंतरही घरगुती टर्बो फसतात ते साधारण याच कारणाने: कॉम्प्रेशन, उष्णता आणि मालकाचा आळस.

आता एमएक्स-५कडेच जवळून पाहू. पहिल्या १.६ गाड्यांत हवा मोजण्यासाठी एक झडप असते. हवेच्या झोताने ती उघडते आणि किती उघडली त्यावरून कॉम्प्युटर पेट्रोल ठरवतो. बूस्ट आला की झडप पूर्ण उघडून अडकते आणि कॉम्प्युटरला वाटतं, याहून जास्त हवा नाहीच. हवा वाढते, पेट्रोल वाढत नाही, मिश्रण पातळ होतं आणि नॉकिंगला आमंत्रण मिळतं. म्हणून मोठे इंजेक्टर आणि नवा प्रोग्रॅम होणारा कॉम्प्युटर हे किटमधले ऐच्छिक भाग नव्हेत, ते लागतातच. नव्वदच्या दशकात लोक पेट्रोलचा दाब वाढवणाऱ्या यांत्रिक जुगाडांवर भागवायचे. आता ते करू नये.

दुसरी गोष्ट पाण्याची. हे इंजिन मूळ आडवं बसायचं. एमएक्स-५मध्ये ते उभं बसवताना पाणी बाहेर पडायची जागा मागून पुढे आणली गेली. परिणामी पाणी पुढूनच शिरतं आणि पुढूनच बाहेर पडतं, आणि ड्रायव्हरच्या पायांजवळच्या चौथ्या सिलिंडरला थंडावा सगळ्यात कमी मिळतो. साध्या वापरात हे कधी जाणवत नाही. टर्बोने उष्णता वाढवली की पहिला बळी तोच सिलिंडर असतो. जाणकार मंडळी त्यामुळे पाण्याचा मार्ग पुन्हा मागून वळवून घेतात आणि रेडिएटर मोठा बसवतात.

तिसरी गोष्ट एका भोकाची. टर्बोला दिलेलं तेल खाली ऑइल चेंबरमध्ये फक्त स्वतःच्या वजनाने परत यायला हवं, त्यासाठी चेंबरला भोक पाडावं लागतं. एमएक्स-५चं चेंबर काढायचं तर इंजिन वर उचला नाहीतर खालची चौकट सोडवा, आणि वरून ते सीलंटने असं चिकटलेलं की सुटता सुटत नाही. म्हणून बरेच जण गाडीखाली आडवं पडून, ड्रिलच्या टोकाला ग्रीस माखून, थांबत थांबत जागेवरच भोक पाडतात. ॲल्युमिनियमचा किस ग्रीसला चिकटावा आणि आत पडू नये ही आशा. नंतर आटे पाडायचे, आत स्वस्तातलं तेल ओतून ते वाहून जाऊ द्यायचं, मग चांगलं तेल भरायचं. किस आत राहिला तर पुढे बेअरिंग खाणार. हे वाचताना ज्याच्या पोटात गोळा येतो, त्याने हे काम स्वतः करू नये. आणि जो गॅरेजवाला ‘दोन तासांत होतंय’ म्हणतो, त्याच्याकडेही देऊ नये.

इंजिन टिकलं तरी ताकद मागे जाते. क्लच प्लेट घसरायला लागते, तो खर्च जवळपास ठरलेलाच. पहिल्या १.६ गाड्यांचं डिफरन्शिअल नाजूक म्हणून कुप्रसिद्ध आहे. १९९४मध्ये १.८ इंजिन आलं तेव्हा कंपनीनेच ते मोठं केलं, त्यामुळे टर्बोवाले भंगारातून नंतरचं डिफरन्शिअल शोधत फिरतात. पाच गिअरचा गिअरबॉक्सही फार टॉर्क सोसत नाही. ट्रॅकवर पळणाऱ्यांचे मॅनिफोल्डचे नट उष्णतेने सैल होऊन पडतात, तिथे महागड्या इनकोनेलचे स्टड लागतात. २००४मध्ये माझ्दाने स्वतःच टर्बोची एमएक्स-५ काढली, माझ्दास्पीड या नावाने, १७८ अश्वशक्तीची. त्यांनी कॉम्प्रेशन थोडं उतरवलं, क्लच आणि ड्राइव्हशाफ्ट मजबूत केले, सहा गिअर दिले, सस्पेन्शन आणि चाकं बदलली. एवढी मोठी कंपनी, हाताशी चाचणीची सगळी सामग्री, तरी त्याच काळातल्या साध्या १.८ गाडीपेक्षा सुमारे ३६ अश्वशक्ती जास्त, एवढ्यावरच तिने समाधान मानलं. मला हा आकडा बोलका वाटतो.

मग टर्बो लावूच नये का? तसं नाही. माझं म्हणणं इतकंच की ‘पॉवर कमी पडते’ या तक्रारीचा पत्ता आधी शोधावा. ती नेमकी कुठे कमी पडते?

याचं चांगलं उदाहरण टोयोटाच्या जीटी८६चं. २०१२मध्ये ती आली तेव्हा मुख्य अभियंता तेत्सुया तादा यांनी टर्बो मुद्दाम दिला नव्हता. दोन लिटरचं इंजिन, २०० अश्वशक्ती, कॉम्प्रेशन १२.५ला एक. मालकांची ओरड तीच, टर्बो हवा. पण ओरडीच्या मुळाशी होता टॉर्कचा एक खड्डा. साडेतीन ते साडेचार हजार फेऱ्यांच्या दरम्यान इंजिन ढेपाळायचं, आणि शहरात किंवा ओव्हरटेक करताना आपण नेमके त्याच टापूत असतो. एक्झॉस्टचा हेडर बदलून कॉम्प्युटर नीट ट्यून केला की हा खड्डा बऱ्यापैकी भरून येतो, तेही टर्बोच्या खर्चाच्या एका छोट्या हिश्श्यात. पुढच्या पिढीत टोयोटाने टर्बो न लावता इंजिन २.४ लिटरचं केलं आणि मधला टॉर्क वाढवला. म्हणजे तक्रार खरी होती, पण तिच्यावरचा लोकांनी सुचवलेला इलाज कंपनीने नाकारला.

एमएक्स-५वाल्यांनीही हा हिशेब करावा. गाडी ट्रॅकवर न्यायची असेल तर टर्बो मला सगळ्यात शेवटचा खर्च वाटतो. वीस मिनिटं सलग ताणल्यावर उष्णता जिंकते. टायर, ब्रेक पॅड आणि एखादा चांगला प्रशिक्षक यांतून लॅपचा वेळ जास्त सुटतो. गाडीची मजा सात हजार फेऱ्यांपर्यंत इंजिन ताणण्यात आणि पाय दाबताक्षणी मिळणाऱ्या उत्तरात वाटत असेल, तर टर्बो ती थोडी खातोच. आधुनिक छोट्या टर्बोत विलंब कमी झालाय, संपलेला नाही. ही मजा जपायची असलेल्यांसाठी पट्ट्यावर चालणारा सुपरचार्जर हा मधला रस्ता आहे, आवाजाची हौस असेल तर विशेष.

पण कोलोरॅडोसारख्या डोंगराळ भागात राहणाऱ्याची गोष्ट वेगळी. डेन्व्हर समुद्रसपाटीपासून सोळाशे मीटरवर, हवा तिथे सहाव्या हिश्श्याने पातळ. ११६ अश्वशक्तीतली जवळजवळ वीस तिथल्या हवेतच विरते, आणि पुढे घाट तीन हजार मीटरच्या वर जातात. टर्बो ही पातळ हवाच दाबून भरून काढतो. एमएक्स-५च्या टर्बो किटांसाठी नावाजलेली फ्लाइन मियाटा ही कंपनी कोलोरॅडोत वाढली, याचं मला म्हणूनच नवल वाटत नाही. तिथला टर्बो हौसेपेक्षा गरजेच्या जास्त जवळ आहे.

कायद्याचंही बघावं लागतं. कॅलिफोर्नियात, जिथे मराठी इंजिनिअरांची चांगली वस्ती आहे, प्रदूषणाशी संबंध येणाऱ्या सुट्या भागाला तिथल्या हवा मंडळाचा सूट-आदेश क्रमांक असावा लागतो. नसेल तर ‘स्मॉग’ चाचणीत गाडी अडकते, मग इंजिन कितीही स्वच्छ जळो. आपल्याकडे तर प्रश्न त्याहून सरळ आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलात बदल करू देत नाही, आणि जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच बजावलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदलाला दर बदलामागे पाच हजार दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी शिक्षा आली. अपघात झाला तर विमा कंपनीही हेच बोट दाखवणार. तेव्हा इथे जुन्या होंडा सिटीला टर्बो बसवून देतो म्हणणाऱ्याचं ऐकून घ्यावं आणि चहा पिऊन निघावं. टर्बो हवाच असेल तर कंपनीतून आलेला घ्यावा. आज तो छोट्या हॅचबॅकमध्येही मिळतो.

जिथे कायदा मुभा देतो आणि तक्रारीचा पत्ताही खरा निघालाय, तिथे क्रमाला महत्त्व आहे. आधी चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन तपासून घ्यायचं. तीस वर्षांच्या इंजिनात एक जरी सिलिंडर बाकीच्यांहून बराच मागे असेल, तर टर्बोचे पैसे इंजिन बांधायला वापरायचे. मग रेडिएटर आणि पाण्याचा मार्ग. मग नवा कॉम्प्युटर, आणि तोही टर्बोशिवाय काही महिने चालवून, मिश्रण दाखवणारं मीटर डॅशबोर्डवर लावून. क्लच त्यानंतर. किटची जी किंमत, साधारण तेवढीच रक्कम या बाकीच्या कामांना लागते, ती आधी बाजूला काढलेली हवी. ही गाडी रोज ऑफिसला न्यायची असेल तर दुसरी गाडी दारात हवी, कारण सोमवारी सकाळी ती लिफ्टवर असण्याची शक्यता चांगलीच आहे. टर्बो सगळ्यात शेवटी, वेस्टगेटच्या, म्हणजे जादा धूर पंख्याला वळसा देऊन सोडणाऱ्या झडपेच्या, स्प्रिंगवर मिळेल तेवढ्या सहा-सात पौंडांवर. किटच्या खोक्यात बूस्ट वाढवायचा एक छोटा नॉब बहुतेक असतोच. तो पहिलं वर्षभर खोक्यातच राहू द्यावा.