दीपमाळ आणि प्रकाशचित्र

सणाच्या दिवशीं देवळावर, गडावर किंवा करमणुकीच्या उद्यानांत रोषणाई करावयाची झाली तर आज दोन मार्ग मोकळे आहेत. पहिला मार्ग जुना. जेथें प्रकाश हवा तेथेंच दिवा नेऊन ठेवावयाचा. मग ती तेलाची पणती असो वा विजेच्या दिव्यांची माळ. दुसरा मार्ग नवा. दिवा दूर एका यंत्रांत ठेवावयाचा आणि भिंगांतून त्याचा प्रकाश चित्ररूपानें समोरच्या भिंतीवर टाकावयाचा. यालाच प्रकाशप्रक्षेपण म्हणतात. नव्याचे भोक्ते जुन्याला कालबाह्य ठरवितात आणि जुन्याचे अभिमानी नव्याला नुसता देखावा म्हणून हिणवितात. परंतु हीं एकाच कामाचीं दोन साधनें नव्हत. दोघांचीं कामेंच भिन्न आहेत. जुन्नर व आंबेगांव या दोन तालुक्यांकडे नजर टाकली तर ही गोष्ट सहज ध्यानांत येते.

जुन्नर तालुक्यांत कुकडीच्या कांठीं ओझर येथें अष्टविनायकांपैकीं विघ्नहराचें देऊळ आहे. १७३९ सालीं वसई जिंकल्यावर चिमाजी अप्पांनीं या देवळाचा जीर्णोद्धार करून शिखरावर सोनें चढविलें, असें सांगतात. आवारांत दगडी दीपमाळा आहेत, आणि कार्तिकी पौर्णिमेपासून, म्हणजे त्रिपुरी पौर्णिमेपासून, होणाऱ्या पांच दिवसांच्या उत्सवांत त्या पाजळल्या जातात. दीपमाळेची रचना साधी असते. खालीं रुंद व वर निमुळता होत गेलेला दगडी स्तंभ, त्याच्या अंगांतून चोहोंकडे बाहेर आलेले दगडी हात, आणि प्रत्येक हातावर एक दिवा. कापसाची वात आपल्या बारीक तंतूंच्या फटींतून तेल वर ओढून घेते. ज्योतीच्या उष्णतेनें त्या तेलाचा वायु होतो आणि तो जळतो. वाऱ्याची झुळूक आली कीं चार दिवे विझतात, मग कोणी तरी वर चढून ते पुन्हां लावतो. तेल, वाती व पणत्या आणणारे हात वेगळे, खालून देणारे वेगळे आणि वर चढणारे वेगळे. एक दीपमाळ पेटावयाची म्हणजे अर्धा गांव कामाला लागतो.

आतां थोडा हिशेब पाहूं. एका मेणबत्तीचा एकंदर प्रकाश सुमारें १२ ल्यूमेन भरतो. शंभर दिव्यांची दीपमाळ कल्पिली आणि प्रत्येक दिवा मेणबत्तीच्या तोडीचा मानला, तरी बेरीज १,२०० ल्यूमेनच्या पलीकडे जात नाहीं. उलट मोकळ्या जागेंत वापरावयाचें एक मोठें प्रक्षेपक यंत्र २०,००० ल्यूमेन प्रकाश देतें. असें असूनहि दीपमाळ शेताच्या पलीकडून, कोणत्याहि दिशेनें दिसते आणि प्रक्षेपित चित्र मात्र समोर उभें राहिल्यावांचून नीट दिसत नाहीं. याचें कारण उघड आहे. दीपमाळ पाहतांना डोळ्याला प्रत्यक्ष ज्योत दिसते. चित्र पाहतांना डोळ्याला यंत्रांतला दिवा दिसत नाहीं. भिंतीनें जेवढा प्रकाश परत केला तेवढाच दिसतो.

भिंत किती प्रकाश परत करील हें तिच्या रंगावर अवलंबून असतें. ताजी चुन्याची सफेती दहांपैकीं सुमारें आठ भाग परत करते. आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाण दहांपैकीं एखादाच भाग परत करतो. वीस मीटर उंच व वीस मीटर रुंद अशा भिंतीवर वरील यंत्राचा सारा प्रकाश पसरला, तर प्रत्येक चौरस मीटरच्या वांट्याला ५० ल्यूमेन, म्हणजे ५० लक्स येतात. काळा दगड त्यांतले पांचच परत देतो. शिवाय यंत्र दुप्पट अंतरावर नेलें तर चित्राची उंची व रुंदी दोन्ही दुप्पट होतात, क्षेत्रफळ चौपट होतें आणि तेज चौथाईवर येतें. पौर्णिमेचें चांदणें पाव लक्सच्या आसपास असल्यानें तें या चित्राला बाधत नाहीं. पण शेजारच्या दुकानाचा एक प्रखर दिवा त्याची सारी शोभा घालवितो. तात्पर्य, पणती अंधार उजळते, तर प्रक्षेपणाला आधीं अंधार करून द्यावा लागतो.

ही विद्या मात्र कालपरवांची नव्हे. हॉलंडचे शास्त्रज्ञ ख्रिस्तियान हायगेन्स यांनीं १६५९ सालीं दिवा, कांचेवरील चित्र व भिंग यांचा असाच मेळ घातला होता. महाराष्ट्रांत कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन यांनीं १८९२ च्या सुमारास ‘शांबरिक खरोलिका’ या नांवानें हे खेळ दाखविण्यास आरंभ केला. कांचेवर हातानें रंगविलेलीं चित्रें एकामागून एक सरकवून ते पडद्यावर हालचालीचा भास उत्पन्न करीत, आणि तोहि आपल्या देशांत चलच्चित्रपट येण्यापूर्वीं. आजच्या प्रक्षेपणांत भर पडली आहे ती मुख्यतः गणिताची. इमारतीचें प्रत्येक कोपरें, कमान व खिडकी आधीं मोजून घेतात आणि चित्र अशा बेतानें वांकवितात कीं तें त्या उंचसखल पृष्ठभागावर बरोबर बसावें. मग भिंत कोसळल्यासारखी, वेल चढल्यासारखी किंवा बर्फ पडल्यासारखें भासतें.

या युक्तीचा मोठा उपयोग करमणुकीच्या उद्यानांनीं केला. कॅलिफोर्नियांतील डिस्नेलँडमध्यें १९६९ सालीं अर्धपुतळ्यांवर माणसांचे चेहरे प्रक्षेपित करून ते गात असल्याचा भास निर्माण केला गेला. फ्लॉरिडांतील त्याच संस्थेच्या उद्यानांत २००७ पासून नाताळच्या दिवसांत सिंड्रेलाच्या वाड्यावर दोन लाखांहून अधिक बारीक दिव्यांचें जाळें पसरण्यांत येऊं लागलें; २०२० सालीं त्या दिव्यांच्या जागीं प्रक्षेपित चित्रें आलीं. अशा वेळीं पाहणाऱ्यांत दोन तट पडतात. व्यवस्थापकांना यंत्र सोयीचें वाटतें, कारण दिव्यांचें जाळें टांगावयास व उतरावयास फार दिवस लागतात, चित्र मात्र घटकेंत बदलतें. परंतु दिव्यांनीं वाडा रात्रभर सजलेला राहतो, आणि चित्र संपलें कीं मागें उरते ती नुसती भिंत.

पुणें जिल्ह्यांतहि असें उद्यान उभें राहत आहे. पुण्याच्या सीमेवरील नऱ्हे-आंबेगांव येथें बाबासाहेब पुरंदरे यांच्या संकल्पनेंतून साकारणाऱ्या शिवसृष्टीच्या पहिल्या टप्प्याचें उद्घाटन १९ फेब्रुवारी २०२३ रोजीं झालें. (हें आंबेगांव निराळें, तालुक्याला ज्याच्यावरून नांव मिळालें तें घोड नदीकांठचें मूळ गांव डिंभें धरणाच्या पाण्याखालीं गेलें.) इतिहास प्रसंगरूपानें दाखविण्यासाठीं अशा ठिकाणीं प्रक्षेपणाचा उपयोग सर्वथा योग्य आहे. तेथील भिंती त्याच हेतूनें बांधतां येतात, अंधार हवा तेवढा करतां येतो, आणि कथा सांगणें हेंच चित्राचें खरें काम आहे.

खरा प्रश्न उभा राहतो तो शिवनेरीसारख्या ठिकाणीं. शिवछत्रपतींचें जन्मस्थान असलेला हा गड कायद्यानें संरक्षित असून जुलै २०२५ मध्यें जागतिक वारशाच्या यादींत दाखल झालेल्या बारा मराठा दुर्गांपैकीं तो एक आहे. जुन्या दगडावर पणत्या मांडल्या तर तेल त्याच्या छिद्रांत मुरतें आणि काजळी बसते. दिव्यांच्या माळांसाठीं खिळे ठोकले तर सांधे खिळखिळे होतात. प्रक्षेपणाचा प्रकाश दगडाला हात न लावतां निघून जातो. तेव्हां परंपरेच्या अभिमानानें प्राचीन दगड काळा करण्यापेक्षां तेथें चार घटका चित्र दाखविणें अधिक शहाणपणाचें. मात्र काळा पाषाण प्रकाश गिळतो म्हणून यंत्रांची संख्या वाढवीत जाणें इष्ट नव्हे. लहान, उजळ भिंत निवडून मोजकें दाखवावें.

आंबेगांव तालुक्यांत पश्चिमेकडे भीमाशंकरचें अरण्य आहे. १९८५ सालीं तें अभयारण्य झालें. तेथें पावसाच्या तोंडाशीं झाडांवर काजव्यांची रोषणाई होते. नर काजवा आपला प्रकाश उघडझांप करून मादीला खूण करतो आणि मादी तशीच उत्तर देते. जवळ प्रखर दिवा असला तर ही खूण दिसेनाशी होते आणि पुढची पिढी घटते. येथें पणती बरी कीं प्रक्षेपण बरें हा वादच निरर्थक आहे. देवळाच्या आवारांतील प्रकाश आवारांतच ठेवावा आणि रान अंधारांत राहूं द्यावें.

२०१८ सालीं जुन्नर हा राज्यांतील पहिला पर्यटन तालुका म्हणून जाहीर झाला. पाहुणे वाढणार, तशी रोषणाईहि वाढणार. ती ठरविणाऱ्यांनीं खर्चाच्या अंदाजाआधीं एवढें विचारावें कीं या रात्रीं लोकांना कांहीं दाखवावयाचें आहे, कीं लोकांनीं मिळून कांहीं करावयाचें आहे? दाखवावयाचें असेल तर यंत्र आणावें आणि आसपासचे दिवे मालवावे. त्रिपुरी पौर्णिमेला मात्र ओझरच्या दीपमाळेवर पणत्यांचें चित्र पाडून भागणार नाहीं. तें चित्र वाऱ्यानें विझणार नाहीं. पण तें लावण्यासाठीं एकच माणूस कळ दाबील, आणि तेलवात घेऊन आलेल्या पोरांना परत घरीं जावें लागेल.