जगाची नजर पैसेवारी

भात पोटरीत आले की गावोगाव पैसेवारीची बोलणी सुरू होतात. आधी लागते ती नजर पैसेवारी. समिती शिवारात फिरते, पीक पाहते आणि अनुभवी डोळ्याने अंदाज बांधते. पुढे निवडलेल्या शेतात चौकट आखून पीक कापतात, झोडतात, वजन करतात आणि त्यावरून अंतिम पैसेवारी ठरते. नजरेचा अंदाज आणि काट्यावरचे वजन यांत किती फरक पडतो, हे पेणच्या खारभूमीपासून श्रीवर्धनपर्यंतच्या शेतकऱ्याला सांगायला नको. लोंबी वरून भरलेली दिसते आणि आत दाणा पोचट निघतो.

अशीच एक नजर पैसेवारी दरवर्षी साऱ्या जगाची निघते. ती पिकाची नसून सरकारी कारभारातल्या भ्रष्टाचाराची असते. बर्लिन शहरी १९९३ साली स्थापन झालेली ‘ट्रान्स्परन्सी इंटरनॅशनल’ ही बिनसरकारी संस्था १९९५ पासून ती प्रसिद्ध करते. पहिल्या वर्षी यादीत ४१ देश होते. न्यूझीलंड सर्वांत स्वच्छ, तर इंडोनेशिया तळाला होता. २०२४ च्या यादीत १८० देश आहेत. शंभर गुण म्हणजे निर्मळ कारभार आणि शून्य म्हणजे सगळेच किडलेले. त्या वर्षी डेन्मार्कला ९० गुण, फिनलंडला ८८, सिंगापूरला ८४, तर दक्षिण सुदानला अवघे ८ गुण होते. भारताला ३८ गुण मिळून क्रमांक ९६ वा लागला. जगाची सरासरी ४३ होती.

हे आकडे वर्तमानपत्रात आले की चावडीवर चर्चा रंगते, “बघा, आपला देश तीन पायऱ्या खाली गेला!” म्हणून हे गुण देतात तरी कसे, हे शेतकरी बंधूभगिनींनी समजून घेणे जरूर आहे.

ही संस्था स्वतः कोणाची लाच मोजत नाही. जागतिक बँकेसारख्या निरनिराळ्या संस्था देशोदेशीच्या कारभाराविषयी जाणकारांची आणि व्यापारी-उद्योगपतींची मते गोळा करतात. सरकारी पैसा भलतीकडे वळतो का, कामासाठी लाच द्यावी लागते का, दोषी अधिकाऱ्याला शिक्षा होते का, असे प्रश्न त्यांत असतात. अशा तेरा पाहण्यांतून निदान तीन ठिकाणी ज्या देशाची नोंद सापडते, त्याची सरासरी काढून गुण देतात. म्हणजे हे मत झाले, माप नव्हे. शिवाय ते वरच्या थरातल्या मंडळींचे मत आहे. मुरूडच्या वाडीवाल्याने सातबाऱ्यावरच्या फेरफारासाठी किती खेटे घातले, हे त्यात येत नाही. रायगड जिल्ह्याला वेगळे गुणही त्यात नसतात.

मग मतच का विचारायचे? कारण लाच अंधारात दिली जाते आणि तिची पावती फाडत नाहीत. पोलिसांत नोंदलेले गुन्हे मोजावेत, तर त्यातही फसगत होते. जिथला लाचलुचपत प्रतिबंधक विभाग कामसू, तिथे सापळे जास्त लागणार आणि तोच जिल्हा बदनाम दिसणार. म्हणून नजर पैसेवारीही अगदी टाकाऊ नाही. डेन्मार्क आणि दक्षिण सुदान यांतला फरक नजरेलाही कळतो. पण २०२३ मध्ये भारताला ३९ गुण होते आणि २०२४ मध्ये ३८ झाले, एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही. एका गुणाचा फरक अंदाजाच्या चुकीतच मावतो. क्रमांक तर शेजारच्या देशांचे गुण हलले तरी हलतो. आणखी एक ध्यानात ठेवावे, की २०१२ साली मोजण्याची रीत बदलली. त्यामुळे त्याआधीच्या गुणांशी आजचे गुण ताडून पाहता येत नाहीत.

दुसरी रीत म्हणजे सामान्य माणसालाच त्याचा अनुभव विचारणे. याच संस्थेने २०२० साली आशियातील १७ देशांत सुमारे वीस हजार लोकांना विचारले. पोलीस, न्यायालय, सरकारी दवाखाना, शाळा, दाखले आणि वीज-पाणी यांसाठी ज्यांना वर्षभरात सरकारी दारी जावे लागले, त्यांपैकी भारतात शंभरातल्या ३९ जणांनी लाच दिल्याचे सांगितले. ४६ जणांनी ओळखीचा वशिला लावला होता. त्या १७ देशांत हे दोन्ही आकडे भारताचे सर्वांत जास्त होते. आम्हा सरकारी नोकरांना हे ऐकायला कडू लागते, पण ऐकले पाहिजे.

तिसरी रीत काट्यावरच्या वजनाची. १९९५ च्या यादीत तळाला असलेल्या इंडोनेशियातच ती वापरली गेली. बेंजामिन ओल्केन या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने २००३-०४ मध्ये जावा बेटावरच्या सहाशेहून अधिक गावांतील नवे रस्ते तपासले. इंजिनियरांनी रस्ते ठिकठिकाणी खणून वाळू, खडी प्रत्यक्षात किती पडली ते मोजले. भाव आसपासच्या दुकानदारांना विचारले आणि मजुरी गावकऱ्यांना. मग हा हिशेब कागदावरच्या खर्चाशी ताडून पाहिला. गावकऱ्यांचे मतही वेगळे घेतले.

त्यातून निघालेली गोष्ट आपल्याही गावाला लागू पडावी अशी आहे. भाव चढवून लावला तर गावकऱ्यांना ते बरेच ओळखता येत होते, कारण खडीचा भाव त्यांना ठाऊक होता. पण माल कमी टाकून जास्त लिहिला, तर ते नजरेला फारसे येत नव्हते. म्हणून चोरी जास्त करून मालाच्या मापातच होत होती. आपल्याकडेही मुरमाच्या एका ब्रासचा भाव कोणीही सांगेल. पण बांधाची खांड बुजवताना किती ब्रास मुरूम पडला, हे कोण सांगणार? दुसरी गोष्ट अशी, की ज्या गावांत निरनिराळ्या जमातींचे लोक एकत्र राहत होते, तेथे संशय अधिक होता, पण प्रत्यक्ष गळती कमी निघाली. तेव्हा संशय आणि चोरी यांचे प्रमाण एकच असते असे नाही. तिसरी गोष्ट, जिथे प्रत्येक कामाचे सरकारी हिशेबतपासनीस येणार हे आधीच सांगितले, तिथे खर्चाच्या दर शंभर रुपयांमागची गळती सुमारे आठ रुपयांनी घटली.

मताचा आणखी एक धोका आहे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आपल्या किनाऱ्यावर आदळले आणि श्रीवर्धन, दिवेआगरच्या नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. अशा संकटात घराघरात पंचनाम्याची वाट पाहतात. समजा, त्याच वेळी गावातला एखादा मध्यस्थ येऊन म्हणाला, “साहेबांना दिल्याशिवाय झाडे पुरी लागायची नाहीत.” आपले मत आधीच तसे बनलेले असेल, तर आपण खातरजमा न करता पैसे काढून देतो. साहेबाने ते मागितलेले नसतील, त्याच्यापर्यंत पोहोचणारही नाहीत. दलालाचा धंदा असा आपल्या समजुतीवरच चालतो. पंचनाम्याला फी नसते. तो वाचून मगच सही करावी, झाडांचा आकडा स्वतः मोजून पाहावा आणि कागदाची नक्कल किंवा मोबाइलवर फोटो जवळ ठेवावा.

गावातही कापणी प्रयोग करता येतो. महाराष्ट्रात २००२ साली आणि देशात २००५ साली माहितीच्या अधिकाराचा कायदा झाला. महाराष्ट्राच्या कायद्यामागे अण्णा हजारे यांच्या आंदोलनाचा मोठा वाटा होता. या कायद्याने नुसता कागदच मिळतो असे नाही. कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचा प्रमाणित नमुना घेण्याचा हक्कही त्यात आहे. अर्जाला १० रुपये फी असून दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांना ती माफ आहे. उत्तर ३० दिवसांत मिळाले पाहिजे. एखाद्या बंधाऱ्याची किंवा पाणंद रस्त्याची मोजमाप पुस्तिका मागवावी आणि टेप घेऊन लांबी, रुंदी, जाडी ताडून पाहावी. घरातल्या दहावी-बारावीच्या मुलामुलींना हा हिशेब सहज जमेल.

दाखले-उताऱ्यांसाठी २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा आहे. कोणती सेवा किती दिवसांत आणि किती फीमध्ये मिळेल, याचा फलक कार्यालयात लावणे बंधनकारक आहे. मुदत टळली तर अपील करता येते आणि कसूर करणाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. कोणी लाच मागितली तर देण्यापूर्वीच लाचलुचपत प्रतिबंधक विभागाला १०६४ या क्रमांकावर कळवावे. २०१८ पासून लाच देणाराही गुन्हेगार ठरतो. सक्तीने द्यावी लागली असेल, तर सात दिवसांच्या आत पोलिसांना किंवा या विभागाला कळवणाऱ्यालाच त्यातून सूट आहे.

येत्या ग्रामसभेला सबंध देशाचा क्रमांक बदलणे आपल्या हाती नाही. गावातले यंदाचे एक काम निवडणे आणि त्याचे माप सर्वांसमोर वाचून दाखवणे आपल्या हाती आहे. काम चोख निघाले तर करणाऱ्याचे नाव घेऊन तसे सांगावे, कारण खोट्या संशयातून प्रामाणिक माणसाला सोडवणे हेही या मोजणीचेच काम आहे. आणि माप कमी भरले, तर हातात आकडा धरून बोलावे.