बालवाडीच्या दारात

बालवाडीच्या पहिल्या दिवशी दारात दोघे रडतात. मूल मोठ्याने, आईबाप मनातल्या मनात. तीन वर्षांच्या मुलाला घड्याळ कळत नाही. 'बारा वाजता येईन' म्हटले तरी बारा केव्हा वाजणार, हे त्याला मोजता येत नाही. आईबापांचे दुःख निराळे. आपल्यावाचून या जिवाचे अडते, या समाधानावर आपण तीन वर्षे काढलेली असतात. म्हणून मूल रडले तर जीव तुटतो, आणि न रडता आत गेले तरी थोडा तुटतोच!

माझ्या मुलीला खेळण्यांत गुंतवून मी गुपचूप निसटलो होतो. त्या दिवशीचे रडणे टळले. पण पुढे महिनाभर ती घरातही माझा सदरा सोडीना. न सांगता गेलेल्या माणसावर कोणी विश्वास ठेवीत नाही, हे कामगारांत वावरणाऱ्या मला तरी कळायला हवे होते. तेव्हा निरोप घ्यावा, थोडक्यात घ्यावा. 'खाऊ खाऊन झाला की येतो' असे मुलाच्या घड्याळाने सांगावे, आणि शब्द पाळावा.

मूल सोडून कामावर जाणे म्हणजे माया कमी, असे मात्र कोणी समजू नये. मारिया माँटेसरी यांनी १९०७ मध्ये आपले पहिले बालगृह उघडले, ते रोममधील सॅन लोरेंझो या कामकऱ्यांच्याच वस्तीत.

राहिला शब्द पाळण्याचा प्रश्न. पाळी संपल्यावरही ज्याला थांबवून ठेवतात, त्या बापाने तो कसा पाळावा? वेळेवर सुटी हा केवळ मजुरीचा प्रश्न नव्हे. दाराकडे डोळे लावून बसलेल्या मुलाचाही आहे.