हिरव्यात गुलाबी ओतण्याआधी

पावसाळ्याआधी गाडी तपासताना कूलंटची पातळी कमी दिसली, की गॅरेजमध्ये हाताला लागेल तो डबा टाकीत रिकामा होतो. ‘कूलंट ते कूलंट’ हा समज महागात पडतो.

खरा फरक रंगात नसतो, गंजरोधक रसायनांत असतो. जुन्या पद्धतीच्या कूलंटमध्ये सिलिकेटसारखे क्षार असतात आणि ते धातूवर पटकन थर धरतात. नव्या, दीर्घायुषी कूलंटमध्ये सेंद्रिय आम्लांचे क्षार असतात. ते सावकाश पण जास्त वर्षं काम करतात. दोन्ही एकत्र आले की बहुतेकदा लगेच काहीच दिसत नाही, आणि धोका तिथेच आहे: गंजरोधक शक्ती लवकर संपते आणि अ‍ॅल्युमिनियमचे भाग, वॉटर पंप आतून झिजू लागतात. काही जोड्यांत तर चिखलासारखा गाळ बनतो. रेडिएटरच्या बारीक नळ्या आणि हीटरचा कोअर तुंबतो, मग घाटात काटा लाल रेषेकडे.

फोक्सवॅगनचं उदाहरण प्रसिद्ध आहे. निळसर-हिरवा जी ११ आणि लाल जी १२ मिसळले की तपकिरी राड होई. पुढे दोन्हींशी जमणारा जांभळा जी १२ प्लस आला.

रंगाचा नियम सगळ्या कंपन्यांना सारखा नाही, म्हणून रंगावर जाऊ नका. मॅन्युअलमधलं स्पेसिफिकेशन डब्यावर शोधा. अडचणीत थोडं डिस्टिल्ड वॉटर घाला, तेही इंजिन थंड झाल्यावरच. मिसळून झालंच असेल, तर पूर्ण फ्लश करून घ्या.