अकरा जीबीचं लेझीम मोबाइलमध्ये मावलं कसं?

स्नेहसंमेलनातल्या लेझीमचा मिनिटभराचा व्हिडिओ मोबाइलवर काढलात, तर त्याची फाइल साधारण शंभर-दीडशे एमबीची होते. आता कागद-पेन्सिल घ्या. फुल एचडी चित्रात आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके, म्हणजे वीस लाखांच्या वर. प्रत्येक ठिपक्याचा रंग लिहायला ३ बाइट. सेकंदाला ३० चित्रं. करा गुणाकार! मिनिटाला ११ जीबीहून जास्त. मग एवढा मोठा ढीग गेला कुठे?

बराचसा लिहिलाच नाही. मोबाइल चित्राचे चौकोन पाडतो, एच.२६४ या पद्धतीत १६ बाय १६ ठिपक्यांचे. मागचा पडदा आधीच्या चित्रात होता तसाच आहे? मग ‘तोच ठेवा’ एवढी नोंद पुरते. लेझीम धरलेला हात उजवीकडे गेला? आधीचा चौकोन उचलून तिकडे सरकवा, आणि जो थोडा फरक उरेल तेवढाच लिहा. मधूनमधून एखादं चित्र मात्र पूर्ण लिहावं लागतं, नाहीतर व्हिडिओ पुढे ढकलून पाहताना सुरुवात कुठून करणार?

शिवाय आपला डोळा उजेडातला फरक बारीक टिपतो, रंगातला तितका नाही. म्हणून शेजारच्या चार ठिपक्यांचा उजेड वेगवेगळा लिहितात, रंग मात्र चौघांत मिळून एकच!

मला सगळ्यात थक्क करतं ते यामागचं गणित. चौकोनातला उजेड कुठे संथ बदलतो आणि कुठे झरझर, हे ते वेगळं काढतं. झरझर बदलणारे बारकावे डोळ्याला कमी जाणवतात, म्हणून ते ढोबळ लिहिले तरी चालतं. या गणिताची कल्पना बंगळुरूत जन्मलेल्या नासिर अहमद यांची. अमेरिकेत असताना १९७२ मध्ये त्यांनी यासाठी निधी मागितला, तो मिळाला नाही. तरी ते थांबले नाहीत! १९७४ मध्ये टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासोबत त्यांनी हे गणित छापलं. तुमच्या जेपीजी फोटोंतही तेच आहे.

एडिटिंग ॲपमध्ये व्हिडिओचे तुकडे जोडून ‘एक्स्पोर्ट’ दाबलं, की ॲप बिटरेट विचारतं : एका सेकंदासाठी किती बिट खर्चू? खुर्चीत बसून गोष्ट सांगणारी आजी थोडक्या बिटांत छान दिसते. कोसळणारा पाऊस किंवा उधळलेला गुलाल मात्र भारी खादाड. तिथे क्षणोक्षणी सगळंच नवं, सरकवायला जुना चौकोन सापडतच नाही. बिट कमी पडले की पडद्यावर चौकोनी ठिगळं दिसू लागतात. अशा वेळी बिटरेट वाढवा, फाइल मोठी झाली तर होऊ द्या.

आणि दर एक्स्पोर्टला थोडे बारकावे पुन्हा गळतात, गळलेले परत येत नाहीत. म्हणून व्हॉट्सॲपवर फिरून आलेला व्हिडिओ जोडायला घेऊ नका. ज्याच्या मोबाइलवर काढलाय, त्याच्याकडून मूळ फाइलच मागून घ्या.