‘माझें अडलें आहे’

२०२० सालच्या मार्चांत टाळेबंदी पुकारली गेली, तिच्या चार दिवस आधीं पुण्यास नोकरीवर असलेली आमची पुतणी भद्रावतीस परत आली. बरोबर एक मांडीवरचा संगणक आणि कानांत घालावयाचें यंत्र, एवढाच संसार. माजघरांतील कोनाड्याजवळची जागा तिला दिली आणि लवकरच आमच्या घरांत एक कचेरी भरूं लागली.

सॉफ्टवेअर म्हणजे एका हुशार माणसानें दार लावून एकट्यानें करावयाचें काम, अशी तोंपर्यंत आमची समजूत होती. वाचकांपैकीं पुष्कळांची अद्यापि असेल. कोनाड्याशेजारीं वर्तमानपत्र वाचीत सहा महिने काढल्यावर ती पार मावळली. त्या कामांत गणित थोडें. विचारणें, समजावणें, लिहून ठेवणें आणि दुसऱ्याचें लिहिलेलें समजून घेणें हेंच फार. तें बिघडलें कीं काम बिघडतें. आणि ह्या बिघाडाचें मूळ पुष्कळ वेळां कचेरींत नसून, हीं मुलें ज्या घरांतून येतात त्या घरांत असतें, असें आम्हांस वाटूं लागलें आहे.

रोज सकाळीं साडेनऊ वाजतां तिच्या गटाची सभा भरे. गटांत नऊ माणसें. सभा पंधरा मिनिटांची. प्रत्येकानें तीनच गोष्टी सांगावयाच्या : काल काय झालें, आज काय करणार, आणि अडलें कोठें. पुण्यास असतांना ही सभा उभ्याउभ्यानें होई, म्हणजे कोणी पाल्हाळ लावूं नये. पहिल्या दोन प्रश्नांचीं उत्तरें जो तो उत्साहानें देई. तिसऱ्याचें उत्तर मात्र ठरलेलें असे : ‘कांहीं नाहीं.’

आमच्या मातोश्रींस संगणकांतलें ओ कीं ठो कळत नाहीं. परंतु पोर चार दिवस एकाच पानाकडे टक लावून बसली आहे, एवढें त्यांस कळलें.

“काय ग, अडलें आहे का ?”

“हो, आजी.”

“मग सकाळीं तर ‘कांहीं नाहीं’ म्हणालीस !”

“विचारलें तर म्हणतील, हिला येत नाहीं.”

“ताकाला जाऊन भांडें लपवतेस होय ?”

त्या दुपारीं तिनें एका वरिष्ठास विचारलें. उलगडा वीस मिनिटांत झाला. पैशांच्या देवघेवीचें तें काम होतें. जुन्या भागाकडून येणारे आंकडे रुपयांत येत आणि दुसऱ्या एका गटानें नव्यानें केलेल्या भागाकडून येणारे पैशांत. बेरीज जुळणार कशी ? ही पोर मात्र चार दिवस आपलीच चूक धुंडाळीत होती. पैशांत मोजावयाचें हें दीड महिन्यापूर्वीं चहा पितांना तोंडीं ठरलें होतें. त्या दिवशीं ही रजेवर होती. वरिष्ठ म्हणाले, “अहो, सर्वांना ठाऊक आहे तें !”

हें ‘सर्वांना ठाऊक आहे’ आमच्या वाचकभगिनींस अनोळखी नसेल. एकत्र कुटुंबांत ह्याचा अर्थ, जे त्या वेळीं स्वयंपाकघरांत होते त्यांना ठाऊक आहे. परसांत धुणें वाळत घालणारीस तें ठाऊक नसतें, आणि पाहुणे दारांत उभे राहिले कीं बोल मात्र तिलाच लागतो.

आमच्या पुतणीचे चार दिवस गेले. ह्याच जातीच्या चुकीनें एक अंतराळयानही गेलें आहे. नासानें ११ डिसेंबर १९९८ रोजीं मंगळाकडे सोडलेलें ‘मार्स क्लायमेट ऑर्बिटर’ २३ सप्टेंबर १९९९ रोजीं मंगळापाशीं पोहोंचलें आणि नाहींसें झालें. पृथ्वीवरील एका गटाची आज्ञावली यानास दिलेल्या रेट्याचा हिशेब पौंडांत देत होती. दुसरा गट तो न्यूटनांत आहे असें धरून चालला होता. एक पौंड म्हणजे जवळजवळ साडेचार न्यूटन. यान मंगळाच्या पृष्ठापासून सुमारें ५७ किलोमीटर इतकें खालीं उतरलें. ८० किलोमीटरच्या खालीं तें तगणें शक्य नव्हतें. ह्याहून विचार करण्यासारखी गोष्ट चौकशींत निघाली. यानाचा मार्ग आंखणाऱ्या मंडळींस कांहीं तरी चुकत असल्याची शंका आधींच आली होती. त्यांनीं ती बोलून दाखविली, पण खाजगीं. रीतसर कोठें मांडली गेली नाहीं आणि शेवटपर्यंत कोणी तिचा पाठपुरावा केला नाहीं. भीड भिकेची बहीण म्हणतात. येथें ती कोट्यवधि डॉलरांची बहीण निघाली.

काम मागें पडलें कीं आणखी माणसें लावावीं, ही सर्वांस प्रथम सुचणारी युक्ति. आय्‌.बी.एम्‌. कंपनींत एका प्रचंड आज्ञावलीचें काम सांभाळलेल्या फ्रेड ब्रूक्स ह्यांनीं १९७५ सालीं एक पुस्तक लिहून दाखविलें कीं, रखडलेल्या कामावर नवीं माणसें घातलीं तर तें अधिकच रखडतें. नव्यांस शिकवावयाचें जुन्यांनींच, म्हणजे त्यांचें काम थांबलें. शिवाय बोलण्याचे मार्ग वाढतात ते वेगळेच : पांच माणसांत एकमेकांशीं बोलण्याच्या जोड्या १०, दहांत ४५, विसांत १९०. लग्नघरीं पुरणाला उशीर होतो म्हणून चार जावा-नणंदा आंत पाठवाव्या, आणि प्रत्येकीनें येऊन ‘गूळ कोठें ठेवला आहे’ म्हणून विचारावें, तसेंच तें. पुरण वाटणारीचा हात प्रत्येक वेळीं थांबतो.

मग दोन गटांचें जुळावें कसें ? ह्याचें एक उदाहरण आम्हां भद्रावतीकरांच्या उशापाशींच आहे. भद्रनागाच्या दर्शनास आणि विजासनचीं लेणीं पाहावयास येणारे पाहुणे तिकडे फिरकत नाहींत. पण १९९० च्या दशकाच्या अखेरीस येथें उभारलेलें वीज-केंद्र समजून घेण्यासारखें आहे. पश्चिम भारताचें आणि दक्षिण भारताचें विजेचें जाळें तेव्हां वेगवेगळ्या तालावर चालत असे. सेकंदाला ५० आवर्तनें ही रीत दोहोंकडे एकच. पण एकीकडे मागणी वाढून ताल किंचित्‌ मंदावावा आणि त्याच क्षणीं दुसरीकडे तो चढलेला असावा. अशा जाळ्यांच्या तारा तशाच एकमेकींस बांधून भागत नाहीं. म्हणून ह्या केंद्रांत एकीकडची प्रत्यावर्ती वीज आधीं एकदिश करावयाची, आणि तेथल्या तेथें पुन्हां दुसरीकडच्या तालावर प्रत्यावर्ती करून पुढें धाडावयाची अशी योजना केली. ५०० मेगावॉटचे दोन संच, म्हणजे एकंदर १,००० मेगावॉटची सोय. पुढें ३१ डिसेंबर २०१३ रोजीं रायचूर–सोलापूर वाहिनीनें दोन्ही जाळीं एका तालावर आलीं. तोंपर्यंत एकानेंही आपला ताल न सोडतां त्यांची देवघेव चालली.

दोन गटांमध्यें अशीच एक ठरलेली जागा असावी लागते. कोण काय देणार, कोणत्या मापांत, कधीं, हें तेथें लेखी असावें. आणि ज्याला बदल करावयाचा असेल त्यानें तो आधीं तेथें नोंदवावा. मेल्विन कॉन्वे ह्यांनीं १९६८ सालींच म्हणून ठेवलें आहे कीं, संस्थेंतील माणसांच्या बोलण्याचालण्याची जी घडण, तीच तिनें बनविलेल्या वस्तूंत उतरते. एकमेकांशीं न बोलणाऱ्या दोन गटांनीं केलेले भागही एकमेकांशीं धड बोलत नाहींत.

आतां थोडें भाषेविषयीं. आमच्या पुतणीनें पुण्यास पहिल्याच आठवड्यांत ‘मी करून राहिली आहे’ असें म्हटलें आणि दोघे तिघे हंसले. हंसणारे दुष्ट नव्हते. विदर्भाची बोली कानाला नवी, एवढेंच. परंतु त्या दिवसापासून ही सभेंत मोजके शब्द बोलूं लागली, तेही इंग्रजींत. इंग्रजींत ‘कांहीं नाहीं’ म्हणणें सोपें आणि ‘मला कळलें नाहीं’ म्हणणें कठीण. एक हंसें एवढ्या दूरवर पोहोंचतें !

त्यांच्यांत दुसरी एक चांगली चाल आहे. कोणाचेंही काम दुसऱ्यानें वाचल्यावांचून पुढें जात नाहीं, आणि कोणती ओळ कोणीं, केव्हां, कशासाठीं बदलली ह्याची नोंद राहते. हल्लीं बहुतेक ठिकाणीं ह्यासाठीं लिनस टॉर्व्हाल्ड्‌स ह्यांनीं २००५ सालीं तयार केलेलें ‘गिट’ नांवाचें साधन वापरतात. वाचणाऱ्यानें ‘ही ओळ मला उमगली नाहीं’ असें लिहावें, ‘तुम्हांस समजत नाहीं’ असें नव्हे. साधन कितीही उत्तम असो, हा फरक तें शिकवीत नाहीं.

गडचिरोली जिल्ह्यांत धानोरा तालुक्यांत मेंढा (लेखा) हें गोंडांचें लहानसें गांव आहे. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल ह्यांचीं नांवें ह्या गांवाच्या कार्याशीं जोडलेलीं आहेत. २००९ सालीं गांवास सुमारें १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. तेथें निर्णय बहुमतानें होत नाहीं, सर्वसहमतीनें होतो. आम्हांस त्याहून महत्त्वाचा वाटतो तो तेथील अभ्यासगट. ज्याला हवें त्यानें यावें, बाहेरच्या जाणत्यास बोलवावें, वाटेल तितका खल करावा. पण निर्णय तेथें करावयाचा नाहीं. निर्णय ग्रामसभेंत. रानांतल्या गांवाचें हें उदाहरण संगणकाच्या कचेरीस लागू नाहीं, असें कोणी म्हणेल, आणि तें थोडेंफार खरेंही आहे. गिऱ्हाईक तारीख धरून बसलेलें असतें. केव्हां तरी एकानें शेवटचा शब्द बोलावाच लागतो. तथापि अभ्यास आणि निर्णय एकाच बैठकींत उरकावयाचे म्हटले, म्हणजे वडीलधारी व्यक्ति प्रथम बोलते आणि बाकीच्या माना हलतात. अशा बैठका आमच्याही माजघरांत वर्षानुवर्षें झाल्या आहेत, आणि प्रथम बोलणारे बहुधा आम्हीच होतों.

चार दिवस वायां गेल्यानंतरच्या सोमवारीं पुतणी सभेंत म्हणाली, “माझें अडलें आहे.” क्षणभर कोणी बोललें नाहीं. मग बंगळूरचा एकजण म्हणाला, “माझेंही. शुक्रवारपासून.” त्या दिवशीं सभा पंधराऐवजीं चाळीस मिनिटें चालली, असें आम्हीं घड्याळांत पाहिलें.

पुढच्या रविवारीं पुतणीनें माजघराच्या भिंतीवर एक फळा टांगला आणि वर खडूनें लिहिलें, ‘अडलें कोठें ?’ पहिले कांहीं दिवस गॅस, दूध, दळण एवढेंच त्यावर येई. नंतर एके सकाळीं आमच्या धाकट्या सुनेच्या अक्षरांत एक ओळ दिसली : ‘दुपारीं एक तास अभ्यासाला मिळत नाहीं. बी.एड्‌.ची परीक्षा द्यावयाची आहे.’ सून घरांत येऊन सहा वर्षें झालीं होतीं. ही परीक्षा कोणासच ठाऊक नव्हती. दुपारीं पाहतों तों त्या ओळीखालीं मातोश्रींचें थरथरतें अक्षर : ‘दोन ते तीन. चहा मी करीन.’