घेतलेली नव्हती, आजार होता

उसाच्या नोंदीसाठी फिरताना एका सभासदांच्या घरी गेलो. दारूने यकृत आक्रसून कठीण झालेले, म्हणजे लिव्हर सिऱ्हॉसिस. सोलापूरच्या सिव्हिलमधून पोटातले पाणी काढून घरी आलेले. बोलणे बरळल्यासारखे, हात थरथरत, दिवसा झोप अन् रात्री जागरण. शेजारी म्हणाले, "परत घेतलीय." वहिनी रडकुंडीला आल्या, "साहेब, तीन महिने थेंब नाही हो!"

खरे वहिनींचेच होते. संडास फार होते म्हणून लॅक्ट्युलोजचे गोड औषध घरात बंद केले होते. यकृत थकले की आतड्यातले विष रक्तातून मेंदूत चढते. दिवसाला दोन-तीनदा मऊ संडास व्हावी, यासाठीच ते औषध. कमी-जास्त करायचे ते डॉक्टरांना विचारून. बरळणे, रक्ताची उलटी, काळी संडास किंवा ताप दिसला तर रात्र असली तरी दवाखाना गाठावा.

कारखान्याच्या काट्यावर आपण किलोकिलोसाठी भांडतो, तसे पेशंटचे वजन रोज सकाळी करावे. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढले तर पाणी साठते आहे. मीठ कमी, लोणचे, पापड बंद. शेंगाचटणी द्या, पण अळणी. डाळ, अंडी, दूध तोडू नये, उपास नको. झोपताना दूध-भाकरी कुस्करून द्यावी. अंगदुखीची किंवा झोपेची गोळी मनाने देऊ नये.

परवा गेलो तेव्हा वहिनींनी वजनाची वही दाखवली. मालक ओट्यावर बसून खोडव्याच्या खताचे विचारीत होते.